मोठे सिक्लिड मासे कसे ओळखावेत: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे आणि त्यातले बरेच मासे शोभेसाठी काचेच्या टाकीत पाळले जातात. बेळगावात शहापूर भागातल्या एका दुकानातून मी त्यांतले तीन ‘रेड डेव्हिल’ आणले, तेव्हा तिघेही जेमतेम दीड इंचाचे होते. रंग पाटीसारखा करडा आणि अंगावर आडवेतिडवे फिकट पट्टे. नावात ‘रेड’ असूनही लाल रंगाचा पत्ता नव्हता, म्हणून मी शंका काढली. दुकानदार शांतपणे म्हणाले, “डेव्हिलच हाय की ओ, कलर यायला वेळ लागतोय.” सव्वा वर्षानंतर त्यातला एक झेंडूसारखा केशरी झाला होता, दुसरा अजून करडाच होता आणि तिसऱ्याच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ येऊन कुशीवर काळ्या अक्षरांसारखी नक्षी उमटली होती. तिसरा उघडच फ्लॉवरहॉर्न, म्हणजे एक संकरित सिक्लिड होता. पहिले दोन मिडास या रेड डेव्हिलसारख्याच दिसणाऱ्या सिक्लिडच्या गटातले निघाले. रेड डेव्हिल त्यांत एकही नव्हता. दुकानदार खोटे बोलले असे मला वाटत नाही. चेन्नई, मुंबई किंवा कोलकात्याकडून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून माल येतो, पिशवीवर मार्करने दोन अक्षरे लिहिलेली असतात आणि दोन पिशव्या एका टाकीत ओतल्या की ती अक्षरेही निरुपयोगी होतात. ओळख पटवण्याचे काम त्यामुळे घेणाऱ्यालाच करावे लागते. ते कसे करावे हे पुढे क्रमाने सांगितले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या दुकानांत सहसा जे मोठे सिक्लिड दिसतात, तेवढ्यांपुरतेच हे लेखन मर्यादित ठेवले आहे.

जवळ काय असावे

- पांढऱ्या उजेडाची टॉर्च. अनेक दुकानांत फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट (हाही संकरित सिक्लिड) यांच्या टाक्यांवर लाल किंवा गुलाबी नळ्या लावलेल्या असतात आणि त्या उजेडात फिकट मासाही तांबडा दिसतो.
- दाढीचा छोटा आरसा. त्याचा उपयोग तिसऱ्या पायरीत कळेल.
- व्हिडिओ काढता येईल असा फोन आणि टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटवायला कागदी मोजपट्टी.
- एक वही.
- खरेदीची पावती. तिच्यावर ‘फिश – ३ नग’ एवढेच नसावे, विक्रेत्याने सांगितलेले पूर्ण नाव असावे. पावती कन्नडमध्ये असली तरी हरकत नाही, पण नाव गाळू देऊ नका.

१. मासा सिक्लिडच आहे ना, हे आधी पाहा

सिक्लिडला नाकपुडीचे छिद्र प्रत्येक बाजूला एकच असते. आपल्या नदीतळ्यांतल्या बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला दोन छिद्रे असतात, त्यामुळे टॉर्च मारून तोंडासमोरून पाहिले की निम्मे काम होते. दुसरी खूण कुशीवरच्या रेषेची आहे. बहुतेक सिक्लिडमध्ये ही रेषा अखंड नसते. पुढचा तुकडा पाठीच्या बाजूने जाऊन मध्येच संपतो आणि मागचा तुकडा खालच्या पातळीवर सुरू होऊन शेपटीपर्यंत जातो.

सिक्लिड म्हणजे परदेशी मासा अशी समजूत असेल तर ती सोडावी. बाजारात चिलापी म्हणून विकला जाणारा आणि कन्नडमध्ये जिलेबी म्हटला जाणारा तिलापिया सिक्लिडच आहे. तो आफ्रिकेचा असून १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मात्र गोव्याच्या जेवणातले काळुंदर हे अस्सल भारतीय सिक्लिड आहे. त्याचा एक भाऊबंद तर केवळ कर्नाटकात, नेत्रावतीच्या खोऱ्यात सापडतो.

२. रंगावरून निर्णय घेऊ नका

ही पायरी नवख्यांना सगळ्यांत जड जाते, कारण मासा घरी येतो तोच मुळी रंगासाठी. पण सिक्लिडचा रंग त्याच्या मनःस्थितीप्रमाणे काही सेकंदांत बदलतो. घाबरलेल्या माशावर पट्टे उमटतात, अंडी सांभाळणारी मादी काळवंडते आणि डिसेंबरच्या बेळगावी थंडीत हीटर नसलेल्या टाकीत बहुतेक मासे मळकट होऊन कोपऱ्यात बसतात. अशा वेळी काढलेल्या फोटोवरून नाव विचारले तर दहा जण दहा नावे सांगतील.

त्यातच बाजाराच्या दोन युक्त्या आहेत. काही पिल्लांना संप्रेरकयुक्त खाद्य देऊन वेळेआधी रंग आणला जातो. दीड-दोन इंचाचे पिल्लू मोठ्या नरासारखे झळकत असेल तर सावध व्हा, कारण घरी आणल्यावर काही आठवड्यांत तो रंग उतरतो. दुसरी युक्ती याहून वाईट आहे. पॅरटसारख्या फिकट माशांना चक्क रंग टोचून किंवा रंगात बुडवून जांभळे-निळे केले जाते. जांभळा पॅरट अशी कोणतीही जात नाही, आणि असा मासा ओळखण्याच्या भानगडीत न पडता तो न घेणेच बरे.

३. गुदपराचे काटे मोजा

मला विचाराल तर या लेखातली हीच एक पायरी पाठ करावी. माशाच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो एकटा पर असतो त्याला गुदपर म्हणतात. त्याच्या पुढच्या भागात टोकदार, न वाकणारे काटे असतात आणि मागच्या भागात टोकाशी फाटे फुटलेल्या मऊ शलाका असतात. आपल्याला फक्त काटे मोजायचे आहेत.

मासा पकडण्याची गरज नाही. टाकीच्या काचेला बाहेरून आरसा टेकवा. मोठा सिक्लिड आपल्या प्रतिबिंबाला शत्रू समजतो आणि अर्ध्या मिनिटात सगळे पर ताणून आडवा उभा राहतो. त्याच वेळी फोन काचेला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून, वीसेक सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि नंतर तो थांबवत थांबवत पाहा. आमच्या घरी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा मिडासने आरशावर अशी धडक मारली की टाकीवरचे झाकण सरकले. म्हणून आरसा मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लावू नये आणि आधी झाकणावर वजन ठेवावे.

मासा तीन-चार इंचांचाच असेल तर काचवाल्याकडून उरलेल्या काचांची सहा इंच लांब, पाच इंच उंच आणि दीड इंच रुंद पेटी करून घेता येते. तिचे सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेले असावे आणि पेटी दोन दिवस वाळू द्यावी. तिच्यात टाकीचेच पाणी भरून मासा दोन मिनिटे ठेवला की त्याला वळता येत नाही आणि काटे स्वच्छ दिसतात.

मोजणी अशी वाचावी:

- तीन काटे: ऑस्कर, ग्रीन टेरर, ब्लू अकारा. तिलापियाचेही सहसा तीनच असतात.
- पाच-सहा काटे: टेक्सास.
- सहा ते आठ काटे: मिडास, रेड डेव्हिल, जग्वार आणि सेवेरम.
- आठ-नऊ काटे: जॅक डेम्प्सी.
- बारा किंवा त्याहून जास्त: आपले काळुंदर आणि त्याचे भाऊबंद.

येथे एक सापळा आहे. पहिला काटा फार आखूड असतो आणि खवल्यांत लपतो, त्यामुळे मोजणीत एकाची चूक हमखास होते. म्हणून तीन आणि सात यांतल्या फरकावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, पण सात आणि आठ यांतल्या फरकावर कधीच ठेवू नये. इतकी कच्ची मोजणीही केवढी उपयोगी पडते याचे उदाहरण म्हणजे नारंगी माशांचा घोळ. सोनेरी सेवेरम, सोनेरी मिडास, लाल तिलापिया आणि अल्बिनो ऑस्कर हे चारही दोन इंचांचे असताना नवख्याला एकच वाटू शकतात. काटे मोजले की शेवटचे दोन लगेच वेगळे पडतात. मग सेवेरम आणि मिडास यांच्यात सेवेरमचे अंग थाळीसारखे गोल आणि तोंड लहान असते, तर मिडासचे तोंड रुंद आणि जबडा दणकट असतो. ऑस्कर आणि तिलापिया यांच्यात ऑस्करच्या पृष्ठपराच्या (पाठीवरच्या पराच्या) आणि गुदपराच्या मागच्या भागाचे बूड खवल्यांनी मढलेले, जाड दिसते.

४. मग आकार आणि तोंड पाहा

काटे सारखे निघाले की गट कळतो, जात कळत नाही. आता मासा बाजूने पाहून तीन गोष्टी वहीत लिहा: अंगाची उंची लांबीच्या मानाने किती आहे, थोबाड टोकदार आहे की बोथट, आणि तोंड मिटल्यावर ओठ पूर्ण जुळतात का. हे लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका, कारण पुढे नावे वाचली की डोळ्यांना हवे तेच दिसू लागते.

५. एकमेकांसारखे दिसणारे मासे

*रेड डेव्हिल, मिडास आणि फ्लॉवरहॉर्न.* माझी फजिती याच त्रिकुटाने केली, म्हणून येथे थोडे थांबतो. रेड डेव्हिल आणि मिडास हे दोन्ही निकाराग्वा देशातल्या तळ्यांतले मासे आहेत आणि शास्त्रज्ञांनी दोघांचीही नावे १८६४ सालीच नोंदवली. रेड डेव्हिल, म्हणजे अँफिलोफस लॅबिएटस, सडपातळ असतो, त्याचे थोबाड टोकदार असते आणि ओठ जाड, मांसल असतात. मिडास, म्हणजे अँफिलोफस सिट्रिनेलस, अंगाने उंच आणि बोथट चेहऱ्याचा असतो आणि त्याच्या नराच्या कपाळावर मोठा उंचवटा येतो. पुस्तकात हा फरक सोपा वाटतो. अडचण अशी की टाकीत पिढ्यानुपिढ्या वाढलेल्या रेड डेव्हिलचे ओठ नदीतळ्यांतल्या माशांइतके जाड दिसतीलच असे नाही, आणि व्यापारात या दोघांचा इतका संकर झाला आहे की शुद्ध म्हणावा असा मासा आपल्याकडच्या साध्या दुकानात मिळणे कठीणच. टोकदार थोबाड आणि सडपातळ अंग या दोन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय ‘रेड डेव्हिल’ हे नाव लिहू नये.

रंगाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दोन्ही जातींची पिल्ले करडी आणि पट्टेरी असतात. त्यांतल्या थोड्यांचीच काळी रंगपेशी मरून जाते आणि खालचा सोनेरी किंवा केशरी रंग उघडा पडतो. बाकीचे मासे आयुष्यभर करडेच राहतात. म्हणून माझा दुसरा मासा करडा राहिला, यात त्याचा दोष नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता. रंग बदलत असताना अंगावर काळे ठिगळ राहतात. तो रोग समजून औषध ओतणारे लोक मी पाहिले आहेत.

फ्लॉवरहॉर्न ही निसर्गातली जात नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या अनेक सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. त्यालाही सहा-सात काटे असतात, त्याच्याही कपाळावर उंचवटा येतो आणि त्याच्या काही वाणांत काळा रंग उतरून सोनेरी किंवा लाल रंग येतो, म्हणून तो मिडाससारखा भासतो. फरक कुशीवर शोधावा. कल्ल्याच्या मागून शेपटीकडे जाणारी काळ्या ठिपक्यांची तुटक ओळ आणि अंगभर मोत्यांसारखे चमकणारे ठिपके दिसले तर तो फ्लॉवरहॉर्न समजावा. रंग पूर्ण उतरलेल्या, नक्षी नसलेल्या वाणात मात्र अनुभवी माणूसही चुकतो. पॅरट हाही संकरच असून तो १९८०च्या दशकात तैवानमध्ये निघाला. त्याचे तोंड चोचीसारखे असते आणि नीट मिटत नाही. चौथ्या पायरीतला ओठांचा प्रश्न त्याच्यासाठीच आहे.

*ग्रीन टेरर आणि ब्लू अकारा.* दोघांनाही तीन काटे आणि दोघांच्याही गालांवर निळसर रेषा असतात. एक ते दीड इंचाची पिल्ले दुकानात सर्रास एकाच नावाने विकली जातात, आणि ही चूक महागात पडते, कारण अकारा बऱ्यापैकी शांत आणि सहा इंचांच्या आसपास थांबणारा असतो, तर टेररचा नर आठ ते दहा इंचांचा, टाकीतल्या इतरांना जागा न देणारा होतो. शेपटीच्या कडेला पाहा. टेररच्या शेपटीला आणि पृष्ठपराला नारंगी किंवा पांढरी ठळक किनार असते, अकाराला तशी नसते. किनार नारंगी असेल तर तो इक्वेडोरकडचा खरा ग्रीन टेरर. पांढऱ्या किनारीचा मासा पेरूचा असून २००९ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून अँडिनोअकारा स्टाल्सबर्गी हे नाव मिळाले. दुकानात दोन्ही ‘टेरर’च असतात.

*टेक्सास आणि जॅक डेम्प्सी.* दोघांच्या अंगावर निळसर ठिपके असतात. डेम्प्सीच्या कुशीच्या मध्यावर एक आणि शेपटीच्या बुडाशी एक असा काळा डाग असतो आणि कपाळावर दोन गडद रेषा दिसतात. टेक्सासचे ठिपके बारीक मोत्यांसारखे दाट असतात आणि काळे डाग असलेच तर शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात असतात. काट्यांच्या मोजणीतही दोघे वेगळे पडतात. ठिपके फार मोठे असतील तर तो टेक्सासचा मेक्सिकोतला भाऊबंद, म्हणजे कार्पिंटिस असण्याचा संभव आहे. ‘रेड टेक्सास’ या नावाने महाग विकला जाणारा मासा संकर आहे, त्याला टेक्सास म्हणून नोंदवू नये.

*जग्वार.* लहानपणी याच्या कुशीवर चौकोनी काळ्या डागांची ओळ असते आणि वाढल्यावर सगळे अंग चित्त्यासारखे ठिपकेदार होते. त्याचा नातलग डोव्ही लहानपणी अगदी तसाच दिसतो, पण त्याच्या कुशीवर डागांऐवजी सलग काळा पट्टा असतो. हा फरक पाहिलाच पाहिजे, कारण जग्वार टाकीत सहसा दीड फुटाच्या आत राहतो आणि डोव्ही दोन फुटांच्याही वर जातो.

ऑस्करबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टायगर, रेड, कॉपर, लेमन, अल्बिनो ही सगळी एकाच ऑस्करच्या पैदाशीतून निघालेली रूपे आहेत, वेगवेगळ्या जाती नव्हेत.

६. चार इंचांच्या आत अंतिम नाव देऊ नका

कपाळाचा उंचवटा, परांची किनार, ओठ, थोबाडाचा उतार यांतले काहीही दीड इंचाच्या पिल्लात भरवशाचे नसते. तोपर्यंत वहीत फक्त गट लिहावा, जसे ‘तीन काट्यांचा’ किंवा ‘मिडास गट’. दर महिन्याला एकाच दिवशी, खायला घालण्याआधी, त्याच पांढऱ्या उजेडात एक फोटो काढावा. मी पौर्णिमेला काढतो, कारण तारीख विसरली तरी घरात पौर्णिमा कोणी ना कोणी आठवण करून देतेच. चार-पाच फोटो शेजारी ठेवले की जो बदल रोज पाहून कळत नाही तो दिसतो.

नर-मादीचा प्रश्नही या वयात विचारू नका. उंचवटा आला म्हणजे नरच, असे म्हणता येत नाही. फ्लॉवरहॉर्नच्या माद्यांनाही तो येतो.

७. विक्रेत्याला काय विचारावे

‘ही कोणती जात?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर पिशवीवर जे लिहिले होते तेच मिळते. त्याऐवजी माल कोणत्या शहरातून आला, या टाकीत किती पिशव्या ओतल्या आणि आईबाप पाहिलेला कोणी पैदासकार आहे का, हे विचारा. आपल्याकडे बहुतेक दुकानदार मराठी-कन्नड दोन्ही बोलतात आणि ओळख झाली की मनमोकळे सांगतात. सकाळी गर्दी नसताना जावे. रविवारी संध्याकाळी त्यांना असले प्रश्न विचारणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

८. मासा भलताच निघाला तर

टाकीला न झेपणारा मासा दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा. किल्ला तलावात, मार्कंडेय नदीत किंवा शेतातल्या विहिरीत तो सोडू नये. चिलापीने आपल्या तळ्यांत काय केले आहे हे कोणत्याही मासेमाऱ्याला विचारता येईल, आणि जग्वार तर दुसऱ्या माशांवरच जगतो.

संकर निघालेला मासा शुद्ध जातीचे नाव लावून विकू नये आणि त्याची पिल्लेही त्या नावाने वाटू नयेत. माझ्या फजितीचे मूळ तेवढ्यातच होते.

९. नोंद कशी लिहावी

टाकीवर चिकटवायच्या चिठ्ठीत नाव, ते कशावरून दिले, मासा कोठून आणि कधी आला, आणि शेवटची मोजलेली लांबी एवढे पुरे. जे ठाऊक नाही ती जागा रिकामी ठेवावी, अंदाजाने भरू नये. माझ्या पहिल्या टाकीवर सध्या असलेली चिठ्ठी नमुन्यादाखल देतो:

‘मिडास गट, बहुधा संकर. गुदपरात सात काटे (दोनदा मोजले). थोबाड बोथट, ओठ बारीक. करडा, रंग बदललेला नाही. शहापूर, ‘रेड डेव्हिल’ म्हणून घेतला. लांबी २४ सें.मी. आईबाप:’